दांडा वजा करून विमानात

"आत्या, भर मे महिन्यात विमानात बसशील? छोटं आहे, एसी नाही," ऋतुजानं फोनवर विचारलं. शहाणी असते तर नाही म्हणाले असते. दुसऱ्याच दिवशी नाशिकहून जळगावची गाडी पकडली.

ऋतुजा म्हणजे यावलच्या माझ्या मामांची, म्हणजे नानांची, नात. पायलट आहे. बेत असा, सकाळी सातला जळगावहून उडायचं, नानांची केळीची बाग वरून बघायची आणि धुळ्याला उतरायचं. चौऱ्याहत्तर वर्षांचे नाना महिनाभर दुसरं काही बोलत नव्हते.

ऋतुजाच्या सूचना तुम्हीही लिहून घ्या. ढगळ सुती कपडे, टोपी, चहा बंद, तहान लागायच्या आधीच घोटघोट पाणी. आणि वजन आधी कळवायचं, कारण तापलेल्या हवेत छोटं विमान कमी ओझं उचलतं. यावलला नानांनी आम्हा दोघांचं वजन केळीच्या काट्यावर केलं. घड मोजताना व्यापारी दांड्याचं वजन कापतात, यावर जन्मभर कुरकुरणाऱ्या नानांनी सवयीनं आमचेही माणशी तीन किलो कापले आणि तोच आकडा कळवला.

विमानतळावरच्या काट्यानं ते सहा किलो परत केले. वर नानांचा पाच लिटर पन्ह्याचा कॅन.

"कॅन तरी इथे ठेवा," ऋतुजा म्हणाली.

"ठेवायचा कायले? पिऊन टाकू!"

अर्धा तास आम्ही पन्हं प्यायलो. पुन्हा काट्यावर चढलो.

"नाना, पन्हं पोटात गेलं. विमानाबाहेर नाही गेलं," ऋतुजानं कपाळाला हात लावला. "ऊन वाढतंय. एकानं थांबा."

नाना लगेच मागे सरले. "तू जाय बाई. मी बाग रोजच पाह्यतो." ऊन लागू नये म्हणून त्यांनी खिशात दोन कांदे आणले होते, त्यातला एक माझ्या हातात दिला. मला रडूच आलं. मी त्यांना दंडाला धरून विमानात बसवलं. आता इतकं वजन सुटलं, की तोच कॅन पाण्यानं भरून माझ्या सीटवर पट्टा बांधून गेला.

मी एसटीनं धुळ्याला. खिडकीतून गरम वारा, मुठीत कांदा, पोटात पन्हं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा आधी कुठे धावले, ते सांगायला नको.

धुळ्याला नाना लिंबाखाली बसले होते.

"दिसली बाग?"

"दिसली. भाकरीएवढी!" मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "पन दाखवाले बाजूले कोनी नव्हतं. कॅनलेच दाखवली."

घरी येऊन वजनकाट्यावर उभी राहिले आणि तीन किलो वजा केले. कांदा अजून पर्समध्येच आहे. वास येतो, पण भाजीत घालवत नाही.