नळासाठी झालेली शिक्षा

वॉर्डात मी आमच्या मराठी डॉक्टरांसाठी 'सिस्टर, तुम्ही' होते. इंग्लंडातल्या मेडनहेडच्या त्यांच्या घरी, सोफ्यावर बसून माझ्या वस्तीचं नाव सांगितलं आणि 'तू' झाले.

"अच्छा, म्हणजे तुम्ही लोक तिथले," डॉक्टर म्हणाले. आणि लगेच, "बरं, पोलीस केस कसली होती तुझ्यावर?"

ते कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाचे मोठे डॉक्टर, मी त्यांच्याच वॉर्डात नर्स. माझा व्हिसा वाढवून द्यायला नकार आला होता. कारण, चारित्र्य. गावाकडची एक जुनी शिक्षा मी स्वतःच अर्जात लिहिली होती. अपील केलं, तर वकीलबाई म्हणाल्या, कुणा प्रतिष्ठित माणसाचा कॅरेक्टर रेफरन्स, चांगल्या वर्तणुकीचं पत्र, आणा. म्हणून हाउन्सलोहून मी त्यांच्या दारात.

सांगितलं सगळं. आमच्या वस्तीचा नळ तोडला होता. वरच्या आळीला पाणी कमी पडतं म्हणून. आई दुसऱ्याच्या विहिरीपाशी हात जोडून उभी राहायची. एक दिवस आम्ही बायका-पोरी रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यावर बसलो. एसटी अडवली. पोलिसांनी केस धरून फरफटत नेलं. कोर्टानं शिक्षा दिली, कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं. बसले.

डॉक्टर हसले. "मोर्चे म्हणजे हौसच तुमच्याकडे."

मग त्यांनी लॅपटॉपवर पत्र लिहिलं आणि वाचून दाखवलं. पार्श्वभूमी तशी असूनही ही मुलगी स्वच्छ आणि प्रामाणिक आहे. लहान वयात तिला कुणीतरी भडकवलं. तिला त्याची लाज वाटते.

स्वच्छ! यांच्या पेशंटांच्या जखमा मी धुते.

"सर, मला कुणी भडकवलं नव्हतं," मी म्हणाले. "रस्त्यावर पहिली मीच बसले."

"अगं, असं लिहिलं तरच तुझं काम होईल."

त्यांच्या बायकोनं चहा पुढे केला. "घे गं. एवढं कोण करतं हल्ली?"

व्हिसा गेला की नोकरी गेली. लेक इथल्या शाळेत नुकती कुठे रुळली होती.

"पत्र नको," मी म्हणाले. चहाला हात न लावता उठले. ट्रेनमध्ये मात्र खूप रडले.

सुनावणीत सरकारी बाजूच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही जे केलंत त्याचा पश्चात्ताप होतो?"

आमच्या वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. एक 'हो' पुरला असता.

"नाही," मी म्हणाले. "पाणी तोडणाऱ्यांना झाला का, ते आधी विचारा."

अपील फेटाळलं.

परवा वकीलबाईंचा फोन आला. वरच्या ट्रिब्युनलकडे जाता येईल. पण या वेळी जरा नमतं घ्या, माफीचे दोन शब्द घालू.

"वर जायचंच," मी सांगितलं. "पण माझ्या नावानं माफी लिहिलीत तर मी सही करणार नाही. परत पाठवलं तरी नाही."