जड मासे

माझ्या दिरांना समुद्रात गळ टाकायचा भारी नाद. गळाला खोटे मासे लावतात, काही तरंगणारे, काही बुडणारे. 'बुडणारे' हा शब्द सासूबाई घरात काढू देत नाहीत, म्हणून आम्ही 'जड' म्हणतो. हलके नेले तर ते काठावरच्या खडकांवर थांबतात, जड नेले तर होडीने खोल पाण्यात जातात.

आज सकाळपासून वारा सुटला होता.

"भाऊजी, कुठले घेतलेत?"

"हलके हो, वहिनी. काठावरच आहे."

ते गेल्यावर डबा उघडला. हलके सगळे आतच होते.

"काय नेलंय गं त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"हलकेच," म्हणत मी देवासमोर बसले.

"मग अवेळी हात कशाला जोडलेस?" म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.