विहीणबाई ‘या जेवायला’ वाचतात

मी उत्तम स्वयंपाक करते, असं आमच्या फॅमिली ग्रुपचं मत आहे. ज्यांनी माझ्या हातचं खाल्लंय, त्यांचं मत वेगळं आहे. आता ही दोन्हीकडची माणसं एकच आहेत, हे खरं. पण फोटोखाली अंगठा दाबताना चव कोण आठवत बसतं?

ग्रुपचं नाव ‘आपली माणसं’. सावंतांचा लालबाग-परळपासून माहीमपर्यंत पसरलेला सगळा गोतावळा त्यात आहे. आमची पद्धत अशी, की रविवारी कोणीतरी भरल्या ताटाचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘या जेवायला!’ मग बाकीच्यांनी ‘आलोच!’, ‘निघालो!’, ‘पाट मांडा!’ असं लिहायचं आणि आपापल्या घरी आपापलं जेवायचं. इतकी वर्षं हे चाललंय, पण फोटो बघून एकही माणूस कोणाकडे जेवायला गेलेला नाही. माझे फोटो तर बहुतेक वेळा माझ्या स्वयंपाकघरातलेही नसतात. (कुठूनतरी आलेला चांगला फोटो वाया का घालवायचा?)

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या मुक्ताने फिनलंडमधला मुलगा पसंत केला.

मुक्ता आमची एकुलती एक. नोकरीसाठी तिकडे गेली, तिथे तिला मिका भेटला. मुलगा सोन्यासारखा. माझी तक्रार नव्हती, फक्त एक हट्ट होता: लग्न मुंबईत, माझ्या डोळ्यांसमोर. मिकाच्या आईचं, म्हणजे मार्याचं म्हणणं, तिकडेच सरकारी कचेरीत सही करावी, सहा माणसं पुरे. सहा! आमच्याकडे लग्नाची तारीख काढायला सहा माणसं लागतात!

शेवटी ठरलं, की मार्या आणि तिचा नवरा ओलावी मुंबईला येतील, आम्हाला भेटतील आणि मग ठरवतील. ही बातमी ऐकून मला इतका आनंद झाला, की मी दोघांनाही न विचारता ग्रुपमध्ये घालून टाकलं.

झालं! स्वागताची फुलं, गणपती, हात जोडलेले, नाचणाऱ्या बाहुल्या... नुसता पूर आला. दुसऱ्या दिवशी मार्याचा मेसेज आला: ‘धन्यवाद. या ग्रुपचा उद्देश काय आहे?’

हा प्रश्न आजवर कोणाला पडलाच नव्हता. शेवटी माहीमच्या बंडूभाऊजींनी (माझे धाकटे दीर) प्रसंग ओळखून उगवत्या सूर्याचा फोटो टाकला आणि वेळ निभावली.

मुक्ताचा फोन आला. “आई, काय केलंस तू हे? ही माणसं काम असलं तरच लिहितात गं. त्यांच्या घरच्या ग्रुपवरचा शेवटचा मेसेज मागच्या महिन्यातला आहे. ‘बोट दुरुस्त झाली.’”

“मग? कोणी काय म्हटलं त्यावर?”

“काही नाही. झाली ना दुरुस्त!”

मला त्या बोटीचंच वाईट वाटलं. आमच्याकडे असती तर निदान पन्नास जणांनी अभिनंदन केलं असतं, आणि वन्संनी नारळ फोडायला सांगितलं असतं.

“आणि मार्या तुमचे सगळे मेसेज मोबाईलवर भाषांतर करून वाचते,” मुक्ता म्हणाली. “परवा मला विचारत होती, एवढं बोलणाऱ्या घरात खरं कुठलं आणि उगाच कुठलं, हे कळतं कसं? मी सांगितलंय, माझ्या घरचे बोलतात ते करतात. आई, लग्न मुंबईत हवंय ना? मग जरा जपून!”

मी जपायचं ठरवलं. मुक्ता-मिकाला घेऊन दोघं शनिवारी उतरली, चौघंही शिवाजी पार्कजवळच्या हॉटेलात थांबली. जेवणाचा बेत सोमवारी दादरच्या एका थाळीच्या हॉटेलात, म्हणजे माझ्या स्वयंपाकाचा आणि त्यांचा संबंधच येणार नव्हता. रविवारी सकाळी ह्यांचं पोट बिघडलं होतं म्हणून मी कुकरला मुगाची खिचडी लावली. शिट्टी व्हायची वाट बघत हातात मोबाईल घेऊन बसले. त्यात एक फोटो होता. काय ताट होतं! कोंबडी-वडे, सुरमईची तुकडी, तिसऱ्या, सोलकढी! रविवार होता, सवयीचा हात... टाकला ग्रुपवर. ‘आजचा बेत! या जेवायला!’

‘आलोच!’ वन्सं. ‘निघालो!’ बंडूभाऊजी. ‘पाट मांडा काकू!’ पुतणे, सुना, जावई, सगळे. नेहमीसारखंच.

आणि मग मार्या: ‘धन्यवाद. किती वाजता?’

मला वाटलं, अरे वा, विहीणबाईंना आपली गंमत कळायला लागली! मी खुशीत लिहिलं, ‘अहो, विचारता काय? घर तुमचंच आहे! केव्हाही या!’

‘एक वाजता येतो. ओलावी तिखट कमी खातो.’

ही गंमत नव्हती! तेवढ्यात मुक्ताचा फोन. “आई! ते तयार होऊन बसलेत!”

“अगं, सांग ना त्यांना, असं नुसतं म्हणायचं असतं.”

“फिनलंडमध्ये ‘या’ म्हटलं की माणूस येतो, आई! म्हणून तर ते कोणाला म्हणत नाहीत!” ती रडकुंडीला आली होती. “आणि ‘आलोच’ लिहिणाऱ्या प्रत्येकासाठी मार्याने चॉकलेटचा पुडा काढलाय. वर नावं लिहितेय. मला विचारलं, बंडू हे आडनाव आहे का!”

म्हणजे नुसतं जेवण उभं करून भागणार नव्हतं, जेवणारे पण उभे करायचे होते. मी कुकरकडे बघितलं. त्याने शिट्टी दिली.

“अहो, उठा!” मी ह्यांना म्हटलं. “लग्न फिनलंडला चाललं!”

“माझ्याच्याने बाथरूमच्या पलीकडे जाववत नाही,” हे म्हणाले. “ते तरी फिनलंडला जाऊ दे.”

मी वन्संना फोन लावला. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, राहायला लालबागला. “वन्सं, तुम्ही ‘आलोच’ लिहिलंत ना आत्ता?”

“अगो, ता काय मी लिवतंय? बोट आपोआप जाता.”

“मग आता तुम्ही पण या. आमच्याकडे. जेवायला.”

पलीकडून घाबऱ्या आवाजात, “आज? ह्या टायमाक? कोण गेलो काय गो?”

“कोणी गेलं नाही हो! मुक्ताचे सासू-सासरे येताहेत आणि घरात खिचडी आहे!”

“अरे देवा! माजी कोंबडी गॅसवर आसा.”

“ती पण आणा!”

“टोपासकट?”

“टोपासकट!”

बंडूभाऊजी म्हणाले, “वहिनी, ‘निघालो’ लिहिलं तेव्हा मी अंघोळीला पण गेलो नव्हतो.”

“मग अंघोळ राहू द्या! घरात काय शिजलंय?”

“बांगड्याचं तिखलं.”

“उचला आणि निघा. आणि ह्या वेळेला ‘निघालो’ म्हणजे निघा!”

असे सगळ्यांना फोन झाले. कोणाच्या घरचं सुकट, कोणाचं वांग्याचं भरीत, एका पुतण्याकडे नुसते नूडल्स होते, त्याला म्हटलं तेही आण बाबा. मग मी प्रभादेवीच्या आमच्या दोन खोल्यांतलं सामान पलंगाखाली ढकललं आणि देवापुढे दिवा लावला.

एक वाजता बेल वाजली. एक म्हणजे एक! दारात मुक्ता, मिका, हसऱ्या चेहऱ्याची उंचच उंच मार्या आणि तिच्याहून उंच ओलावी. मार्याच्या हातात चॉकलेटची भलीमोठी पिशवी. आमच्याकडून मी, पोट धरलेले हे आणि खिचडी.

मार्या बसली. मांडलेल्या रिकाम्या ताटांकडे बघून तिने इंग्रजीत विचारलं, “बाकीचे कुठे आहेत? त्यांनी तर तेव्हाच ‘आलोच’ लिहिलं होतं.”

“रस्त्यात आहेत,” मी म्हटलं. (मुंबईत याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.)

ती हसली, पण मुक्ताकडे बघून. मुक्ताचा चेहरा पार उतरला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, ओलावी भिंतीवरच्या कॅलेंडरचा सखोल अभ्यास करत होता. मला खरंच रडू यायला लागलं. माझ्या पोरीच्या शब्दाची किंमत माझ्या एका फुकट फोटोने घालवली होती. सही करून मोकळे होतील तिकडे, आणि मी इथे बसून तिच्या लग्नाला नुसता अंगठा दाबेन!

तेवढ्यात खालून आवाज आला. “अगो ए! कोणतरी खाली ये! टोप गरम आसा!”

वन्सं टॅक्सीतून उतरत होत्या, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर टोप. मागोमाग स्कूटरवरून बंडूभाऊजी, केस ओले, म्हणजे अंघोळ केलीच होती मेल्याने! मग एकेक करत सगळे आले. डबे, पातेली, कुकर, नूडल्स. घरात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. मार्या प्रत्येकाला नाव विचारून पुडा देत होती आणि प्रत्येकजण तिला वाकून नमस्कार करत होता, वन्संसुद्धा! (नंतर म्हणाल्या, “माका वाटला, काय तरी प्रसाद वाटतत, पाया पडूक होया.”)

पंगत बसली. आणि मार्याने मोबाईल काढला. फोटो बघितला, ताट बघितलं, परत फोटो बघितला. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि अगदी सरळपणे विचारलं, “हा हात कोणाचा आहे?”

मी फोटो नीट बघितलाच नव्हता! ताटाच्या कडेला एक हात होता. केसाळ, जाडजूड, मनगटात चांदीचं कडं. सगळी पंगत आपापले हात बघायला लागली.

“माझा!” बंडूभाऊजी ओरडले. त्यांचा हात म्हणजे शेवग्याची शेंग.

मुक्ताने डोळे मिटले. आणि मुंबईत उतरल्यापासून एक शब्द न बोललेला ओलावी वन्संच्या कोंबडीतून मान वर करून म्हणाला, “चांगलं आहे. अजून वाढा.”

मार्या खो-खो हसत सुटली. “ताट दुसऱ्याचं होतं,” ती मला म्हणाली, “पण माणसं तुमचीच आहेत ना? मला एवढंच बघायचं होतं. यांनी येतो म्हटलं आणि आले. मग लग्नालाही येतील. लग्न इथेच करू.”

मी तिला मिठीच मारली. तिला सवय नव्हती, पण तिने निभावलं. वन्संनी मुक्ताच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, हे पोटाचं दुखणं विसरून कोंबडी मागायला लागले. सगळं घर नुसतं खुळ्यासारखं हसत होतं. आणि त्या आनंदाच्या भरात मार्याने मला विचारलं, “माणसं किती असतील?”

आता गप्प बसायचं की नाही? पण तिला दडपण यायला नको म्हणून मी म्हटलं, “छोटंसंच करू हो! अगदी घरचीच. पन्नास!”

तिने मान डोलावली आणि मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

लग्न मे महिन्यात आहे. मार्या तिकडे प्रत्येक पाहुण्याला आहेर म्हणून लोकरीचे पायमोजे विणतेय, पन्नास जोड, आणि झाले तेवढ्यांचा फोटो न चुकता ग्रुपवर टाकतेय. इकडे पत्रिकांची यादी चारशेवर गेलीय आणि ह्यांच्या गावची माणसं अजून मोजायची आहेत. तिला खरा आकडा सांगायची हिंमत मला झाली नाही, म्हणून मी स्वतःच विणायला शिकतेय. महिनाभर खपून काल पहिला मोजा पूर्ण केला. हे म्हणाले, “पिशवी छान झालीय, पण बंद कुठे आहेत?”