शहिस्तानं उचललेली गाडी

कार्ल्याच्या फाट्यावर आमच्या चहाच्या टपरीशेजारी शहिस्ता शिकलगारचं गॅरेज आहे. समोर गतिरोधक. लोणावळ्याला निघालेली एखादी बुटकी गाडी त्यावर खर्रकन घासली की टपरीवरच्या सगळ्या माना एकदम वळतात. रविवारची आमची तेवढीच करमणूक.

परवा पुण्याचा एक इंजिनिअर लाल स्पोर्ट्स कार अशीच घासत गॅरेजात आला. त्याला गाडी आणखी खाली बसवायची होती. म्हणे, दिसायला भारी.

"दिसायला फोटो काढा, साहेब," शहिस्ता म्हणाली. "चालवायची हितल्या रस्त्यावर हाय."

तिनं गतिरोधकाची उंची वितीनं मोजली, मग गाडीच्या पोटाखालची. थोड्या उंच स्प्रिंगा निवडल्या आणि गाडी खड्ड्यात आदळू नये म्हणून त्यांना जुळणारे शॉकअप. साहेब कुरकुरले. तिनं पाना खाली ठेवला नाही.

संध्याकाळी आमचा चहा चालू असताना शहिस्ता हात पुसत टपरीवर आली.

"भाऊ, लाल गाडी गेलेली ऐकली का?"

"न्हाई बा. कधी गेली?"

"आत्ताच, तुमच्या पाठीमागून, गतिरोधकावरनं," ती म्हणाली, आणि ऐटीत बाकावर बसली.