पोरांचा दांडा

"केळीला शेण नि पोराला घास, वेळेवर दिला तरच अंग धरतात," असं आगाशीच्या नर्मदाकाकू उठता-बसता म्हणत. जन्म गेला केळीच्या वाडीत. पण माणिकपूरच्या एका संस्थेने बालवाडीतल्या तीस पोरांना पौष्टिक लाडू द्यायचं ठरवलं, आणि ते वळायचं काम काकूंच्या बचत गटाला मिळालं. नाचणी, शेंगदाणे आणि घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. गटातल्या बाकीच्या आठ बायकांच्या हाताला पहिल्यांदाच स्वतःची कमाई लागली. काकू तर डबा असा मिरवत नेत, जणू देवाची पालखी.

तीन महिन्यांनी संस्थेची डॉक्टर हेमाली बालवाडीत वजनांची वही तपासायला आली. पहिलं वजन नर्सने घेतलं होतं, दुसरं कालच काकूंनी. पानं उलटता उलटता हेमालीचा चेहरा उतरला.

"काकू, लाडू बंद करावे लागतील. सगळी पोरं घटलीत. ही बेला तर अर्धा किलो!"

आठही जणींचे पदर तोंडाला गेले. काकूंनी पोरांतून बेलाला पुढे ओढलं.

"अगं बाय, हिच्या फ्रॉकचं एक बटण लागत नाही मागे! ही घटली?"

हेमालीने बेलाला काट्यावर उभं केलं. भरली चौदा किलो. वहीत तेरा.

"एका रात्रीत किलोभर वाढली?"

"छे! तो मी कापला."

"काय कापलं?" हेमाली घाबरून बेलाची बोटं मोजू लागली.

"अगं, घड तोलला की दांड्याचं वजन वजा करायचं असतं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला दांडा विकला नाही. मग लेकरांच्या बाबतीत लबाडी करू?"

"पण काकू, पोरांना दांडा कुठे असतो?"

काकूंनी बेलाला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"काल मीही तेच शोधत होते. सापडेना, म्हणून सरसकट किलो धरला."

तीसही पोरं पुन्हा काट्यावर चढली. तीसही वाढलेली! हेमालीने हसत हसत वहीत 'लाडू चालू' असं लिहिलं, आणि वही मात्र काकूंपासून लांब ठेवली.

काकूंना ते लागलं. त्यांनी हेमालीलाच दंडाला धरून काट्यावर चढवलं. काटा जेमतेम चाळीसवर गेला.

"बघा गं बायांनो! डॉक्टरीण म्हणे. दांड्यासकट कच्चा घड आहे नुसता!"

दोन लाडू तिच्या हातात कोंबून, रिकामा डबा कमरेवर घेऊन, काकू ताठ मानेने वाडीच्या वाटेला लागल्या. तोंडभर लाडू घेऊन हेमाली काट्यावरूनच बघत राहिली. खाली बेला उभी होती. तिचा डोळा दुसऱ्या लाडवावर होता.