सासूबाईंचा खालचा जबडा

माणसाच्या खालच्या जबड्याची जेवढी काळजी आमच्या थोरल्या साडूंनी वाहिली आहे, तेवढी ब्रह्मदेवाने तो घडवताना वाहिली असती तर साडूंना धंदाच उरला नसता. साडू खामगावात दाताचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्यात अख्ख्या जबड्याचा फोटो काढायचं मशीन आहे. माणसाने हनुवटी टेकवून उभं राहायचं, मशीन डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालतं, आणि या कानापासून त्या कानापर्यंतचा जबडा सपाट होऊन पडद्यावर येतो. बाकीचे डॉक्टर हा फोटो पाहतात, दात काढतात आणि मोकळे होतात. साडू मोकळे होत नाहीत. ते त्या जबड्यावर मापं घेत बसतात. दात गेल्यावर खालच्या हाडाचं पुढे काय होतं, याचा अभ्यास मी त्यांना ओळखतो तेव्हापासून चालू आहे. तो कुठे छापायचा आहे, असं विचारलं की घाबरेघुबरे होऊन म्हणतात, "अजून पुरा झाला कुठं, साडभाऊ?"

माझी त्यांची पहिली भेट माझ्या सोयरिकीच्या बैठकीतली. बाकीची मंडळी माझं मलकापुरातलं पाइप-पंपांचं दुकान कसं चालतं, विहिरीला पाणी कुठवर पुरतं, हे विचारत होती. साडू कोपऱ्यात बसून माझ्या हनुवटीकडे पाहत होते. चहा झाल्यावर जवळ सरकले आणि कानाशी लागून म्हणाले, "खालची दाढ काढली काय कधी?" मला वाटलं थट्टा करताहेत. साडू थट्टा करत नाहीत, त्यांना तेवढी उसंत नसते. लग्नाआधी माझी पत्रिका गुरुजींपुढे गेली आणि मी मशीनपुढे. पत्रिकेत मंगळ निघाला, त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. जबड्यात उजवीकडची एक दाढ गेलेली निघाली, तर साडू साखरपुड्याला नीट जेवले नाहीत.

त्यांच्या घरी जायचं म्हणजे जबड्यांच्या घोळक्यात बसायचं. जुन्या काळचे काळे फोटो त्यांनी बैठकीच्या खिडक्यांना चिकटवून ठेवले आहेत. दुपारचं ऊन आलं की वरवट बकालपासून रोहिणखेडपर्यंतचे जबडे एकदम उजळतात आणि पाहुण्याच्या चहाकडे पाहून हसतात. आमच्या मेहुणीने पडदे लावायचा नाद कधीच सोडला. साडूंना त्यातला एकेक जबडा नावासकट पाठ आहे. उलट माणूस समोर आला की नाव आठवत नाही. "हे कोण होते?" असं मी विचारलं की म्हणतात, "दोन्हीकडच्या दाढा गेलेले." एकदा त्यांच्यासोबत एका म्हाताऱ्याच्या मयतीला गेलो होतो. लोक मुलाला धीर देत होते, कुणी म्हणे देवमाणूस होता, कुणी म्हणे हातातलं काम टाकून धावून येई. साडूंची पाळी आली. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हाड फार चांगलं होतं त्याइचं." मुलगाही रडला. मनापासून बोललेलं कळतं माणसाला.

दात काढायला नको म्हणणारा दाताचा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. पेशंट म्हणतो, "उपटून टाका, डाक्टर. कायले ठेवता? दुखणं गेलं पाह्यजे." साडू त्याला पडद्यापुढे नेतात. "दुखणं जाईन, पण मंग हाडही जाईन. बांधावरचं झाड उपटलं का माती वाहून जाते का नाई? तसंच हे." मग हनुवटीच्या बाजूचं बारीक भोक दाखवतात. खालच्या ओठाला जाणारी शीर त्या भोकातून बाहेर येते. दात असेतो ते हाडाच्या मधोमध, सुरक्षित. दात गेले की वरचं हाड झिजत झिजत भोकापर्यंत येतं आणि शीर उघडी पडते. हे सांगताना साडूंचा स्वतःचा खालचा ओठ थरथरतो. पेशंट मान डोलावतो, विचार करून येतो म्हणतो, आणि दुसरीकडे जाऊन दाढ काढून घेतो. साडू संध्याकाळभर हळहळत बसतात.

अशा या माणसाच्या नशिबात सासू कशी यावी, तर आमच्या सासूबाई, आम्हा जावयांच्या मामी. त्या पिंपळगाव राजाला राहतात. जावयासमोर डोक्यावरून हनुवटीखाली येईल एवढा पदर, बोलणं दाराआडून, तेही मुलीच्या मार्फत, आणि जावयाच्या देखत पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी धाकटा जावई. मला त्यांचे पाय आणि वाढणारे हात एवढेच ओळखता येतात. थोरल्यांची गतही तीच. जिल्ह्याचे जबडे पाहिलेल्या माणसाला घरचाच जबडा पाहायला मिळाला नव्हता. दात हलायला लागले तेव्हा बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. जावई दाताचे डॉक्टर असताना त्या दुसरीकडे जाऊन एकेक करत सगळे काढून आल्या, आणि आठवडी बाजारात येणाऱ्या एका कवळीवाल्याकडून बेतात बसणारी तयार कवळी घेऊन आल्या. काऊन, तर जवायापुढं तोंड कसं उघडायचं?

हे साडूंना कळलं ते आवाजावरून. आम्ही दोघे पंगतीला बसलो होतो. दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "त्याइले सांग, सांजऱ्या सरल्या नाई अजून." प्रत्येक 'स' शिटी मारत आला, आणि साडूंचा घास हातातच राहिला. चेहरा पांढराफटक. मला हळूच म्हणाले, "साडभाऊ, मामीचे सोताचे पुढचे दात नाईत." त्यांनी बायकोला विचारलं, बायकोने आईला, आणि आईने भांडी जोरात आपटली. तेव्हापासून साडू पिंपळगावला गेले की बाईंच्या आवाजाकडे कान लावून बसायचे, आणि परतताना गाडीत बोलायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी भर गिऱ्हाइकीत त्यांचा फोन आला. "साडभाऊ, डावा ओठ बधीर झाला."

"तुमचा?"

"मामीचा. चहा गळून राह्यला म्हणे ओठातून. समजतच नाई त्याइले."

मी म्हटलं, थंडीने होतं असं कधी कधी. मग म्हणाले, "दोन कारणं असतात. एक म्हणजे हाड झिजलं, शीर वर आली, आन् कवळी तिच्यावर बसून राह्यली. तसं असलं तं मी निस्तरतो."

"आणि दुसरं?"

"मामी मिसरी लावतात ना," एवढंच म्हणाले. न उच्चारलेला शब्द मला कळला. मिसरी-तंबाखूने जबड्याचा कॅन्सर झालेली माणसं आमच्याकडे काही कमी नाहीत, आणि साडूंनी त्यांचे फोटो पाहिलेले आहेत. मी दुकान माणसावर सोपवलं आणि निघालो. इतकी वर्षं मी साडूंच्या भीतीवर हसत आलो होतो, त्या दिवशी ती मला लागली.

पिंपळगावच्या घरात दाराअलीकडे आम्ही दोघे जावई, पलीकडे सासूबाई, आणि उंबऱ्यावर मेहुणी. बोलायला मीच घेतलं. "मामी, फोटो काढा लागते. तोंड उघडायचं काम नाई."

"त्याइले इचार, मंग कसा निघते?"

"हनुवटी टेकवून उभं राह्यचं. मशीन फिरते."

"आन् पाह्यते कोण?"

"मशीनच पाह्यते."

"मशीन कोनाचं?"

बाई बिनशाळेच्या, पण वकिलाला पाणी पाजतील अशा. साडू खाली मान घालून बसले होते. मेहुणीचे डोळे भरून आले होते, तिला दोन्ही कारणं माहीत होती. मग दाराआडून बाईंनी विचारलं, "फोटोत चेहरा दिसते काय?"

साडूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "नाई, मामी. निसतं हाड दिसते."

पलीकडे बांगड्या वाजल्या. "मंग काढा. हाडाले कायचा पदर."

दवाखान्यात वेगळाच पेच. मशीनजवळ धातू चालत नाही. लग्नात घातलेल्या कानातल्या बाळ्या काढताना मेहुणीचा जीव मेटाकुटीला आला. पदरही डोक्यावरून खाली घ्यावा लागणार होता, म्हणून आम्हा दोघांची रवानगी जिन्यात. बटण मेहुणीच्या हाती, आणि साडू बंद दाराला तोंड लावून सूचना देत होते. "हनुवटी टेकली काय? हलू नका म्हणा. गिळू नका म्हणा." आतून मेहुणी म्हणाली, "आई म्हणते, त्याइले गप राहाले सांग." फोटो सगळं सांगत नाही, आतलं तोंड कुणीतरी डोळ्यांनी पाहायलाच हवं, म्हणून साडूंनी अकोल्याहून आपल्या वर्गातल्या एक डॉक्टरीणबाई बोलावून ठेवल्या होत्या. त्या आत गेल्या. साडू जिन्यात बसले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या घड्याळाचे वळ उठले, पण मी हात काढून घेतला नाही.

फोटो बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर आला. एवढ्या जबड्यांत आयुष्य घालवलेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "तुमी पाहा आंधी."

मी पंप विकणारा माणूस, मला काय कळणार? मला एक बारीक, वाकलेली काडी दिसली. कोपऱ्याकडे जरा जाड, मध्ये एवढीशी. एवढ्याशा हाडावर ही बाई कडक भाकरी खात होती. "साडभाऊ, फार बारीक आहे," मी म्हटलं. ते झटकन वळले. नाक पडद्याला लागेल इतके वाकले. बोट कडेकडेने फिरवत नेलं, डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. डावीकडचं भोक हाडाच्या अगदी माथ्यावर आलेलं होतं, बरोबर कवळी टेकते तिथे. बोट तिथे थांबलं, पुढे गेलं, परत आलं.

"कडा साफ आहेत," ते म्हणाले. "कुठं कुरतडलेलं नाई. दुसरं कारण दिसत नाई."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आत कवळीने पाडलेला एक वण आहे, बाकी तोंड स्वच्छ आहे, असं त्यांनी सांगितलं. कवळी काही दिवस काढून ठेवायची, मिसरी बंद, आणि वण भरतो की नाही ते पुन्हा पाहायचं. साडूंनी मान हलवली आणि खुर्चीत बसले. मला वाटलं, आता पट्टी काढून मापं घेणार. त्यांनी पट्टी काढली नाही. बराच वेळ नुसते पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "हनुवटी आमच्या हिच्यासारखीच आहे हो." आतल्या खोलीत बाई पदर सारखा करत होत्या, आणि बाहेर त्यांचा जावई त्यांना पहिल्यांदा पाहत होता. माझ्याच्याने तिथे उभं राहवलं नाही.

वण भरला. तोंडाचं माप डॉक्टरीणबाईंनी घेतलं, पण नवी कवळी साडूंनी स्वतःच्या हाताने केली. शिरेवर भार येऊ नये म्हणून तिथली जागा ते घासत राहिले, आणि पुन्हा पुन्हा फोटोशी ताडून पाहत राहिले. मेहुणी सांगते, तेवढ्या दिवसांत त्यांनी दुसरा पेशंट धड पाहिला नाही.

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पिंपळगावला होतो. सगळं पूर्वीसारखंच. आम्हा दोघांची पानं बैठकीत, बाई दाराआड. त्यांचा ओठ अजून पुरता जागा झालेला नाही, साडू म्हणतात वेळ लागेल, कदाचित होणारही नाही. हाड तर परत येतच नसतं. आमची जेवणं आटोपत आली तशा बाई आत मुलींबरोबर जेवायला बसल्या. साडूंचा हात एकदम थांबला. मी विचारलं, काय झालं? त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं आणि दाराकडे कान लावला. आतून आवाज येत होता, कुरडई चावल्याचा. सावकाश, पण कुडुमकुडुम. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच कपाळाला आठी पडली.

"एकाच बाजूनं चावून राह्यल्या," ते कुजबुजले. मग घसा साफ करून दाराकडे पाहत जरा मोठ्याने म्हणाले, "त्याइले सांग, दोन्हीकडून चावा म्हणा."

आतला आवाज थांबला. माझ्या मनात आलं, आता भांडी आपटणार. भांडी आपटली नाहीत. थोड्या वेळाने कुडुमकुडुम पुन्हा सुरू झालं, आणि साडूंनी ताटातला उरलेला घास उचलला. आपल्या खाण्याचा आवाज कुणी असा जीव मुठीत धरून ऐकावा, एवढं सुख माझ्या वाट्याला आलेलं नाही.