कुणीच न लिहिलेले सेकंद

भूतबाधा, करणी असलं काही मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही, असं म्हणायचा माझा हट्ट आहे… पण यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं ते लिहून मोकळं व्हावंसं वाटतंय. कोणाला कारण सापडलं तर जरूर सांगा. टिंगल केलीत तरी चालेल.

मी प्रोग्रामर. नागपूरला धरमपेठेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथे कारखान्यांतल्या मशीन चालवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. कळमेश्वरच्या एका कारखान्यातली पत्रा दाबायची प्रेस आमच्याच प्रोग्रामवर चालते, आणि तिच्यावर उभा असायचा माझा सख्खा मोठा भाऊ, मनोहरदादा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबून धरली तरच प्रेस खाली येते. एक हात जरी सुटला तरी ती जागच्या जागी थांबते, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही.

तर, आम्ही सिस्टमची जुनी लायब्ररी, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात तो तयार कोडचा साठा, काढून नवीन टाकली. अशा वेळी कंपायलरही नव्याने बनवावा लागतो — कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा प्रोग्राम. रीत अशी की जुन्या कंपायलरने नवा बनवायचा, मग नव्याने स्वतःलाच बनवायचं, आणि पुन्हा एकदा. शेवटचे दोन तंतोतंत जुळले की काम चोख झालं. आमचे जुळले, एका बाइटचाही फरक नव्हता.

त्या कंपायलरने प्रेसचा प्रोग्राम बनवला आणि मी कळमेश्वरला नेऊन टाकला. दादाने बटणं दाबली. प्रेस तीन सेकंद थांबली, मग खाली आली.

"काहून गा बबन, तुझी मशीन डुलकी घेऊन राहिली का?" दादा हसला.

प्रोग्राममध्ये थांबायला कुठेच सांगितलेलं नव्हतं. ऑफिसातल्या टेस्ट बोर्डवर तोच प्रोग्राम जराही थांबत नव्हता. जुना प्रोग्राम टाकला की प्रेस झटक्यात खाली यायची. मी कंपायलर पुन्हा बनवला, पुन्हा तंतोतंत जुळला… आणि प्रेस पाच सेकंद थांबली. शेवटी कोरा कॉम्प्युटर आणून सगळं मुळापासून बनवलं आणि पुन्हा कळमेश्वरला नेलं. खरं सांगतो, तोवर मला भीती वाटायला लागली होती, पण ती सांगणार कोणाला?

भर दुपार होती. दादाने बटणं दाबून धरली. मी मोबाइलवर सेकंद बघत होतो. पाच… नऊ… चौदा. प्रेस हललीच नाही.

"पत्रा सरकला वाटते," म्हणत दादाने दोन्ही बटणं सोडली आणि वाकून आत हात घातला.

मी त्याची कॉलर का ओढली ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही दोघे मागे पडलो आणि प्रेस धाडकन खाली आली. बटणांवर कोणाचाच हात नव्हता. मशीनच्या रेकॉर्डमध्ये मात्र दोन्ही बटणं शेवटपर्यंत दाबलेलीच होती.

मी दादाला धरून सगळ्यांदेखत रडलो. तो आपल्या बोटांकडे बघत होता. "मले वाटते ना गा," तो हळूच म्हणाला, "ते थांबली नव्हती. वाट पाहून राहिली होती."

मी त्याच दिवशी जुना प्रोग्राम परत टाकला. आठ दिवसांनी दादाचा फोन आला.

"जुनाच टाकला ना गा तू?"

"हो. काहून?"

"आज एक सेकंद थांबली."

मी म्हटलं, मेन स्विच बंद कर आणि आत्ताच्या आत्ता घरी ये. तो आला आणि पुन्हा तिकडे गेला नाही. प्रेस बंद ठेवा म्हणून मी मालकाला लेखी कळवलं, स्वतः भेटूनही सांगितलं.

दादाच्या जागेवर दुसऱ्याच दिवशी नवा माणूस लागला म्हणे. त्याचं नाव विचारायची माझी हिंमत होत नाही.